बायकांसाठी काढलेलं पिस्तूल

भर दुपारी कुणीतरी नेल्डाच्या स्वयंपाकघराच्या दाराची मूठ हलवून पाहिली होती. ती आतून ओरडली तसा तो पळाला. शेरीफचा माणूस उगवला तेव्हा तिचे बटाटे उकडून, खाऊनही झाले होते. नवरा जीन गेल्यापासून ती एकटीच राहायची. जवळ पिस्तूल बाळगायचं तिनं त्याच दिवशी ठरवलं. चूक एवढीच झाली, की रविवारच्या जेवणात ती हे धाकट्या भावासमोर, डॉइलसमोर बोलून गेली.

पुढच्या रविवारी त्याच्या टेबलावर बटाट्याच्या सॅलडशेजारी एक डबी होती. आत फिकट जांभळं, तळहातावर मावेल एवढं पिस्तूल.

"बघ तरी! पर्समध्ये लिपस्टिकशेजारी बसेल. खास बायकांसाठी काढलंय," डॉइल खुशीत म्हणाला. "ट्रेसालाही मी हेच दिलंय."

ट्रेसा, त्याची बायको, सफरचंदाचा गोड 'पाय' सुरीनं कापत होती. तिनं एक तुकडा नेल्डापुढे सरकवला.

जेवणं झाल्यावर नेहमीसारखी सगळी कोठारामागे गेली. मातीच्या ढिगापुढे रंगाचे रिकामे डबे मांडलेले होते. नेल्डानं पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचून पाहिला. त्याची स्प्रिंग इतकी कडक, की तिच्या सांधेदुखीच्या बोटांना तो हलेना. शेवटी डॉइलनं खेचून दिला.

"दार हलवणाऱ्याला काय सांगू? थांब बाबा, भाऊ येतोय?"

सगळे हसले. मूठ इतकी आखूड, की करंगळीला जागाच नव्हती. तिनं चाप ओढला. हिसक्यानं पिस्तूल हातात उलटंच व्हायचं बाकी राहिलं. अंगठ्याजवळची कातडी सोलली. डबा जागचा हलला नाही.

"होईल सवय," डॉइल म्हणाला.

"तुझं दे."

"माझं? अगं, ते धूड आहे. तुला झेपायचं नाही."

नेल्डाचं डोकंच फिरलं. "पोरांनी भरलेली शाळेची बस मी बर्फातून उतारावरून खाली आणते, ती झेपते मला! दे इकडे."

डॉइलच्या पिस्तुलाचा वरचा भाग तिच्या हातानं सरकला. मूठ पुरती पकडीत आली. हिसका वजनातच जिरला. पहिला डबा उडाला, मग दुसरा.

"पण हे लपणार कुठं?" डॉइल कुरकुरला. "कपड्यांतून दिसेल."

"जीनचे सैल शर्ट आहेत घरी." ती भावजयीकडे वळली. "ट्रेसा, तुझं कुठंय गं?"

"मोज्यांच्या खणात." ट्रेसानं हात ॲप्रनला पुसले. "एकदाच उडवलं. आठवडाभर मनगट धरून होते. यांनी हौसेनं आणलं होतं, म्हणून बोलले नाही."

"म्हणजे मी तेलविहिरीवर असताना तू..." डॉइल म्हणाला.

"दाराला खुर्ची लावून झोपते."

कुणी हसलं नाही. नेल्डाला आता स्वतःच्या सोललेल्या अंगठ्याचा राग उरला नव्हता. भाऊ पंधरा-पंधरा दिवस बाहेर असायचा, आणि ही बाई रानातल्या घरात खुर्चीच्या भरवशावर! त्याला मात्र वाटत होतं, आपण सोय लावून आलोय.

"रंग बघून घेतलंस तू, डॉइल. तिचा हात बघितलास कधी?"

डॉइलनं टोपी काढली, परत घातली. "दुकानदार ओळखीचा आहे. मी बदलून आणतो."

"तू काही आणू नकोस. उद्या बस सोडली की मी जाते आणि दुकानातलं एकेक हातात धरून बघते. येतेस, ट्रेसा?"

ट्रेसा ॲप्रनची गाठ सोडत होती. "उद्या कशाला? दुकान आज पाचपर्यंत उघडं आहे."