उघडं टोक

अलकाचा फोन आला. मधूची ही थोरली. ती नुसतं "काका..." म्हणाली आणि मी समजलो, मधू गेला. त्याला आता महिना होत आला. लोक म्हणतात, वय झालं होतं. झालं होतं हो! पण मला अजून धड रडू येत नाही, भीतीच वाटते. मधूच्या बाबतीत मी पहिल्यापासून असाच भित्रा.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गिरगावात कर्फ्यू, कॉलेज बंद आणि इलेक्ट्रिकलची प्रॅक्टिकल डोक्यावर. मधू फणसवाडीतच, आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहायचा. "कॉलेज बंद तर बंद, घरी मोजू," म्हणाला. जुन्या रेडिओतला चोक, म्हणजे तारेचं वेटोळं, आणि कंडेन्सर काढून त्याने स्वयंपाकघरातल्या पाटावर जोडणी केली. दोन टोकं आत जाणारी, दोन बाहेर येणारी. बाहेरची टोकं एकदा उघडी ठेवायची, एकदा जोडून टाकायची, व्होल्टेज आणि करंट मोजायचे, मग बाजू उलटवून पुन्हा तेच. त्यावरून अशा जोडणीचे, म्हणजे टू-पोर्टचे, चार पॅरामीटर निघतात. धक्का नको म्हणून त्याने ट्रान्सफॉर्मर लावून वीसच व्होल्ट दिले होते.

"विसात काय मरतोस? लाव हात!"

मी लावला, उघड्या टोकांना. चोकचं आणि कंडेन्सरचं त्या पाटावर नेमकं जुळलं होतं. आत वीस, बाहेर दोनशेच्या घरात! असं जुळलं की व्होल्टेज भडकतं, तो रेझोनन्स घोकून घोकून पाठ केलेले आम्ही दोघे दीडशहाणे. मी मागे फेकलो गेलो आणि डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं.

डोळे उघडले तेव्हा मधूची आई कपाळावर ओलं फडकं धरून बसली होती. मधू नव्हता.

"डॉक्टरांना आणायला गेलाय रे. नको नको म्हणत होते मी..."

तेवढ्यात ठाकुरद्वाराकडून गोळीबाराचा आवाज आला. थांबला... पुन्हा आला. तिने माझं मनगट घट्ट धरलं. देवा, माझ्यापायी हा गेला तर या माउलीला तोंड कसं दाखवू? गॅलरीत जाऊन बघायचा धीर दोघांनाही होईना.

बऱ्याच वेळाने जिन्यात पावलं वाजली. मधू आला, एकटाच, शर्ट फाटलेला. डॉक्टर घराबाहेर पडायला तयार नव्हते. मला उठून बसलेला बघून त्याने आधी एक सणसणीत शिवी हासडली आणि मग ढसाढसा रडला.

"मला वाटलं, मी तुला मारला रे!"

आईने दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घातला.

पुढे पास झालो, नोकऱ्या लागल्या, संसार झाले. परवा त्याच्या प्रभादेवीच्या घरी गेलो, तर रंगारी आले होते. कुठलंही टोक उघडं नको म्हणून भिंतीवरच्या प्रत्येक रिकाम्या प्लगवर मधूने चिकटपट्टी लावून ठेवलेली. नातवंडं हसायची, पण हा ऐकतोय कसला! अलका त्यातली एक पट्टी नखाने सोलायला लागली.

"काका, आता काढते हं ही."

मी तिचा हात धरला.

"राहू दे गं... मला भीती वाटते."