गाडी गरम होईपर्यंत

चांद्याच्या बाजारात आलापल्लीकडचा एक ट्रक ड्रायव्हर भेटला आणि वांगी निवडता निवडता म्हणाला, "दसरू मिस्त्री गेला ना भाऊ. तापानं. तुमाले नाई समजलं?" मी पिशवी तिथंच विसरून घरी आलो. त्याला दीड महिना झाला.

आलापल्लीला मी लाकडाच्या ठेकेदाराकडे कारकून होतो. ठेकेदाराची गाडी जुनी, मागचा भाग कापून सागवानी पेटी बसवलेली. इंजिनावर लष्करी ट्रकचा कार्बोरेटर, आणि त्याला जोडणारा पाइप गावच्या लोहारानं घडवलेला. थंडीत सुरू केली की ती ठोका चुकवायची, खोकायची, बंद पडायची. इतरांनी प्लग बदलले, वायरी बदलल्या. दसरूनं इंजिन चालू ठेवलं आणि डोळे मिटून नुसतं ऐकलं. मग टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, थंडीत तुपासारखं गोठणारं तेल बोटानं पाइपाच्या सांध्यावर फासलं. इंजिन लगेच सुरळीत! "इथून हवा पिऊन राह्यली हे," तो हसून म्हणाला. लोखंड तापलं की सांधा आपोआप मिटायचा. पण तेल आधी वितळतं, लोखंड मागून बसतं. तेवढा वेळ उभं राहून पुन्हा पुन्हा तेल लावायचं. नवा पाइप येईपर्यंत हा त्याचा रोजचा सकाळचा नेम. मी जन्माचा उतावळा. "गाडीला न्हाऊमाखू घालतोस काय रे?" म्हणून त्याला चिडवायचो.

पौषातल्या एका सकाळी माझी बायको सुमन बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले. चांद्याच्या दवाखान्याशिवाय इलाज नव्हता. सुमनला मागे फळीवर निजवलं, सुईण शेजारी बसली, मी चाक धरलं. दसरूनं तेल फासलं, ठोका सरळ झाला. मी गाडी काढू लागलो तसं त्यानं दार धरलं.

"थांबा भाऊ. बरी नाई झाली, नुसती उगी राह्यली. लोखंड तापू द्या."

"माझी बायको मरते आहे आणि तू लोखंडाचं सांगतोस?"

"म्हनून तं म्हनतो. गाडी नदीत दगा देईन. नाई तं मले संगं घ्या."

मी त्याचा हात झटकून गाडी काढली... वाटेतल्या नदीच्या पात्रात, रेतीत, गाडी खोकली आणि थांबली. हँडल मारून मारून तळहाताची सालं गेली. बैलजोडी शोधून आणली तोवर सुमन गेली होती. बाळ पोटातच गेलं.

तिसऱ्या दिवशी सासरे आले. अंगणात लाकूड डेपोतली सारी माणसं जमलेली. त्यांनी विचारलं, असं कसं झालं? मी म्हणालो, "मिस्त्रीनं गाडी नीट झाली म्हणून सांगितलं होतं." दसरू समोरच होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "हो. माह्याच हातून चुकलं." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी मारल्या. पुढे त्याच्याकडे कोणी गाडी आणली नाही. तो जंगलात लाकूडतोडीला जाऊ लागला. मी नोकरी सोडून चांद्याला पळालो. जाऊन पाय धरावेत असं चार वर्षं रोज ठरवलं. गेलो नाही.

गेलो तो आता, तो नसताना. त्याची बायको फुलाबाई एकटीच होती. तिला सगळं सांगितलं.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "त्या सकाळी गाडीत टाकाले पानी मीच आनलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ते नको म्हने. भाऊची बाई गेली, त्यायच्यावर आनखी काऊन टाकतं म्हने."

मी ओक्साबोक्शी रडलो. तिनं समजूत घातली नाही. दसरूच्या छपरीसमोर, गाड्या उभ्या राहायच्या त्या जागेवर, कमरेएवढं तरोट्याचं तण माजलं होतं. तिकडे बोट करून ती म्हणाली, "मले सांगून का करता? ज्यायनं इथी येनं सोडलं, त्यायले सांगा."

म्हणून हे छापायला देतो आहे. दसरूनं मला थांब म्हटलं होतं. मी थांबलो नाही.