ओळंबा न लावलेली भिंत

कामावर त्याला सगळे ओळंबाच म्हणत. भिंत उभी सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. या गवंड्याला तो लागत नसे. एक डोळा मिटून कोपऱ्याकडे बघायचा आणि सांगायचा, ते बरोबर निघायचं. नाव पडलं ते असं. पुढे पुढे तो पिशवीतून ओळंबा बाहेरच काढेना. काढला तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याची नजर गेली.

नजर थोडी गेलीच होती. जिन्याशेजारची भिंत डोक्याइतकी आली, तेव्हा मुकादमाने सहज ओळंबा सोडला. भिंत वरच्या अंगाला दोन बोटं बाहेर झुकलेली. मुकादम म्हणाला, पाडा. भोवती सगळी माणसं जमलेली होती, आणि ओळंब्याच्या तोंडून निघून गेलं, "दोरी याने बांधली होती."

हा म्हणजे त्याच्याच हाताखाली शिकून गवंडी झालेला, आता दोन लेकरांचा बाप असलेला चेला. विटांचा थर आडवा एका रेषेत यावा म्हणून दोन टोकांना दोरी ताणतात. भिंत झुकते त्यात दोरीचा काही दोष नसतो. हे तिथल्या वाळू चाळणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. चेला थापी धुऊन बाजूला झाला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

दुसऱ्या दिवशी ओळंबा गुडघा दुखतो म्हणून घरी राहिला. त्याच्या पुढच्या दिवशीही. मुकादमाचा निरोप आला, भिंत तशीच ठेवली आहे, तुम्हीच पाडा, तुम्हीच बांधा, पण प्रत्येक थराला तुमचा चेला ओळंबा लावून बघेल. हे ऐकल्यावर त्याचा गुडघा जास्तच दुखायला लागला. बायकोने एकदा त्याच्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा भांडी घासायला बसली.

दुपारी शाळेतून नात आली. समोरचे दोन दात पडलेली, बोलताना हवा जायची. ती तेलाची बाटली घेऊन त्याच्यापाशी बसली.

"कोणता?"

त्याने उजवा पुढे केला.

"काल डावा होता."

"दोन्ही दुखतात गं."

"बरं," म्हणाली आणि दोन्ही चोळून दिले. तिला संशय आला नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेलाचे हात फ्रॉकला पुसून ती दाराकडे गेली. तिथे तिने चादर टांगून ठेवली होती. एका टोकाची दोरी ओढायची, चादर सरकवायची, परत आणायची. सारखं तेच. शाळेच्या नाटकात तिला राणी केलं होतं. ते काम काढून घेऊन आता पडदा ओढायला ठेवलं होतं. त्याला ते बघवेना. पडदा ओढायचा कसला सराव करायचा, असं तो खेकसला.

"जोरात ओढला की मधेच अडकतो," ती म्हणाली. "हळू पण ओढून चालत नाही."

"राणीचं काम गेलं कशाने मग?"

"तालमीत मी बोलता बोलता विसरले."

"मग?"

"मग सांगितलं, मी विसरले. सगळे हसले. बाईपण हसल्या."

"आणि त्याच पोरांत रोज जातेस? लाज नाही वाटत?"

तिने जरा विचार केला. "वाटली की. रडले पण. मग त्यांचं हसून झालं." आणि पुन्हा दोरीला लागली.

ओळंबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. एवढ्याशा पोरीने भरल्या वर्गात जे सांगून टाकलं, ते आठ-दहा माणसांपुढे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. उलट त्याने दुसऱ्याला पुढे ढकललं होतं. तेही ज्याला स्वतः हाताला धरून शिकवलं त्याला.

सकाळी तो कामावर गेला. सगळे चहा पीत होते. कोणीतरी विचारलं, काय ओळंबा, गुडघा सरळ झाला का? हशा पिकला. तो संपेपर्यंत ओळंबा थांबला. मग चेल्याकडे न बघता म्हणाला, "दोरी बरोबर होती याची. ओळंबा मी लावला नव्हता."

चेल्याने चहा संपवला आणि छिन्नी-हातोडा आणून दिला.

भिंत पाडणं सोपं असतं असं वाटणाऱ्याने स्वतःची भिंत पाडून बघावी. सिमेंट-वाळूचा माल चांगला धरला होता, वीट सुटत नव्हती. दुपारपर्यंत पाडली, विटा साफ केल्या, पुन्हा पाया ओला करून लावायला घेतली. प्रत्येक थराला तो बाजूला व्हायचा आणि चेला ओळंबा सोडायचा. छातीइतकी भिंत आली तेव्हा चेला बराच वेळ बघत राहिला.

"काका, जरासं बाहेर आहे."

ओळंब्याची कानशिलं तापली. त्याने माल ओला असतानाच तो थर काढला, विटा पुसल्या आणि पुन्हा लावल्या.

"आता बघ," तो म्हणाला.