नायलॉनचा ताप

नव्या इस्त्रीच्या चकतीवर सगळ्यात कमी ताप नायलॉनला दाखवला आहे. ती चकती फिरवताना मला नजरबादच्या घरातले माझे वडील, अप्पा, आठवतात.

अप्पांची इस्त्री पितळेची होती. तिच्या पोटात करवंटीचे निखारे भरायचे. ते काम अप्पा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. ओलं बोट तळाला लावून चुर्र आवाज ऐकायचे आणि ताप सुती कपड्याचा की रेशमाचा ते ओळखायचे.

शाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी मी पहिल्यांदाच नायलॉनची साडी घेतली होती. अप्पांनी बोट लावलं, आवाज ऐकला आणि इस्त्री पदरावर टेकवली. उचलली तेव्हा पदर वितळून तळाला चिकटला होता. ओटाभर जळका वास पसरला.

"रेशमाचाच ताप होता," ते म्हणाले.

"अय्यो अप्पा, हे रेशीम आहे का?" मी ओरडले.

"इरली बिडु, असू दे," म्हणत अम्माने स्वतःची सुती साडी पुढे केली. अप्पांनी मात्र निखारे अंगणात ओतले. मी अम्माची ती चुरगळलेली सुती साडीच नेसून सरस्वतीपुरमच्या शाळेत मुलाखतीला गेले. नोकरी मिळाली, पण अप्पांनी माझ्या कपड्यांना पुन्हा कधी इस्त्री केली नाही. मी ओरडले म्हणून ते रुसले, असंच मी इतकी वर्षं धरून चालले.

काल मुलीचा कुर्ता इस्त्रीला घेतला, तर ती म्हणाली, "अम्मा, राहू दे. हे कापड वेगळं आहे, तुला कळायचं नाही."

मी चकती शून्यावर आणली आणि बाजूला झाले. मी रुसले नव्हते.