पुष्पाबाईचे अकरा खोके

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या खोलीत लोखंडी खाट एकच होती आणि तिच्याखाली झाडू घालायलाही जागा नव्हती. तिथं पुष्पाबाईचे खोके होते. साडीचेच खोके, झाकणावर पदर सावरणाऱ्या बाईचं चित्र. मार्केटातून घडी घालायला साड्या येत, त्यांच्यासोबत रिकामे खोकेही येत. ज्याचा कोपरा दबला असेल तो शेठ परत घेत नसे. शेजारची पार्वती असल्या खोक्यांत लसूण ठेवायची, आणि तेही फाटले की बंबात घालायची. पुष्पाबाई त्यांत शब्द ठेवायची.

याची सुरुवात उज्ज्वला तान्ही असताना झाली. पोरीला धाप लागली, बरगड्या आत-बाहेर व्हायला लागल्या. पारोळ्याकडच्या तिच्या गावात या दुखण्याला नाव होतं, पण इथल्या दवाखान्यात ते नाव सांगितलं तर डॉक्टर नुसताच बघत राहिला. पुष्पाबाई हातवारे करून स्वतःच्या बरगड्या दाखवत राहिली. शेवटी एका नर्सनं पोरीची कुंची उघडून पाहिलं आणि म्हणाली, "न्यूमोनिया." एक शब्द, पण तो कळल्याबरोबर सगळे धावले. पोर वाचली. घरी निघताना पुष्पाबाईनं तो शब्द कंपाउंडरकडून मराठीत लिहून घेतला. चौथीपर्यंत शिकलेली बाई. धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही म्हणून पाचवीत बसलीच नाही. तिला त्या दिवशी एवढंच कळलं, की दुखणं आपलं असलं तरी त्याचं नाव दुसऱ्याकडून आणावं लागतं, आणि ते वेळेच्या आधी आणून ठेवलेलं बरं.

चुकीचे छापलेले स्टिकर मालासोबत ढीगभर यायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती शब्द लिही, खाली अर्थ, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ज्यानं दिला त्याचं नाव. 'ग्रहण' सुकदेव रिक्षावाल्यानं दिलं होतं. 'जामीन' आणि 'पंचनामा' चाळीतल्या एका भांडणानंतर आले. 'पारा' थर्मामीटर फुटला तेव्हा. एका खोक्यात नद्या, एकात रोग, एकात झाडं, एकात धातू, एकात कायदा, एकात आकाश. गुजराती अक्षरं ती बसच्या पाट्यांवरून शिकली, त्यामुळे पुढं पुढं शब्द दोन्ही भाषांतून यायला लागले. कुठंच न बसणारे शब्द अकराव्या खोक्यात जायचे. त्यावर तिनं लिहिलं होतं, 'उरलेलं'. खरं सांगायचं तर सगळ्यात भरलेला खोका तोच.

चौऱ्याण्णव साली प्लेग आला तेव्हा अर्धं लिंबायत भुसावळच्या गाडीला लटकलं. पुष्पाबाईनं रोगांचा खोका काखोटीला मारला.

"जीव वाचाडाना का खोका?" तिचा नवरा धुडकू ओरडला. त्याची बायको अशी का आहे, हे कोडं त्याला लग्नापासून सुटलं नव्हतं.

"दोन्ही," ती म्हणाली, आणि उधना स्टेशनावर गर्दीत उभ्या उभ्या एका पोलिसाला विचारून प्लेगच्या गोळीचं नाव, 'टेट्रासायक्लिन', लिहून घेतलं. कोपऱ्यात लिहिलं, 'पोलीस, नाव विचारायचं राहिलं'.

दुपारी उज्ज्वला शाळेतून आली की मायलेकी समोरासमोर बसून साड्यांच्या घड्या घालायच्या. एकेक टोक एकीकडे. दोघींची टोकं जुळेपर्यंत उज्ज्वलानं सांगायचं. पहिली घडी, नदी. दुसरी घडी, ती कुठून निघते. तिसरीला तिच्या काठचं गाव. चौथीला त्या गावात काय पिकतं. पोर अडली तर घडी मोडून पुन्हा पहिल्यापासून. पार्वती दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवता चिकटवता हे ऐकायची.

"पुष्पे, तुनी आंडेर काय कलेक्टर व्हई का वं?"

"पोर कलेक्टर झाली तर तुझ्या नळाला पाणी देईल आधी."

"नळाले राहू दे. आधी त्या गटारीचं नाव कोणत्या खोक्यात घातलं ते सांग. नद्यांच्याच ना?"

उज्ज्वला हसायची, पुष्पाबाई रागावायची, आणि पार्वतीचं ते बोलणंही दोन दिवसांत कुठल्यातरी स्टिकरवर जायचं. आज पुष्पाबाई सुरतेतच गोडादऱ्याला राहते, त्या घरात तीन खोल्या आहेत, कपाटं आहेत. पण समोर दुसरं टोक धरून कोणी बसलेलं नाही. चादर एकटीनं घडी करताना पुष्पाबाईच्या तोंडात अजून नदी येते.

तर उज्ज्वला सातवीत गेली तेव्हाची गोष्ट. त्यांची मराठी शाळा सातवीपर्यंतच. पुढचं हायस्कूल रेल्वेलाइनच्या पलीकडे. पार्वतीची निशा सातवीनंतर घरीच बसली होती, टिकल्या लावत. धुडकूचंही तेच मत. तो वाईट माणूस नव्हता. लूमच्या खात्यात, मागाच्या कारखान्यात, बारा बारा तास उभा राहायचा, खडखडाटानं कान अर्धे गेलेले, त्यामुळे साधं बोलला तरी भांडल्यासारखं वाटायचं. वर्गशिक्षिका मालतीबाई एकदा घरी येऊन सांगून गेल्या, की सगळ्या मराठी शाळांची सामान्य ज्ञानाची स्पर्धा आहे, पोरीला तयार करा. त्या गेल्यावर धुडकू ओट्यावर पार्वतीच्या नवऱ्यासमोर, आनंदासमोर, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला.

"पहिल्या तिघांत नंबर लागला तर आठवी. नाही लागला तर घरी बसून घड्या. शब्द म्हणजे शब्द."

आनंदानं मान डोलावली. झालं. धुडकू चार माणसांत बोललेलं मागे घेत नसे, ही त्याची एकुलती एक इस्टेट होती.

तीन महिने पुष्पाबाईनं घरात दुसरा विषय येऊ दिला नाही. भाकरी थापताना धातू, कपडे वाळत घालताना ग्रह. शेठच्या माणसानं दोनदा टोमणा मारला, की घड्यांचा माल उशिरा येतोय. येईना का.

स्पर्धा जानेवारीत, एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. पालक मागे सतरंजीवर. काशिनाथ गुरुजी म्हणून एक निवृत्त शिक्षक प्रश्न विचारत होते. लेखी परीक्षेतून आठ मुलं वर आली, त्यांत उज्ज्वला होती. गोदावरीचा उगम तिनं सांगितला. पारा पातळ का राहतो ते सांगितलं. चंद्रग्रहण कोणत्या तिथीला होतं तेही. पुष्पाबाई मनातल्या मनात प्रत्येक उत्तराचं स्टिकर उलटून कोपऱ्यातलं नाव वाचत होती. 'सुकदेव,' ती पुटपुटली, 'रिक्षा फुकट नाही गेली तुझी.'

मग गुरुजींनी विचारलं, "प्रसिद्ध कांजीवरम साड्या कुठे विणल्या जातात?"

पुष्पाबाईनं सुटकेचा श्वास टाकला. हा तर घरचाच प्रश्न.

"सुरत," उज्ज्वला म्हणाली.

"नीट विचार कर, बाळ."

"सुरत, गुरुजी. लिंबायत, सुरत." तिनं आपला पत्ताच सांगून टाकला.

हॉल हसला. शेजारच्या मुलानं हात वर करून 'कांचीपुरम, तमिळनाडू' म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. हसणाऱ्या पोरांतल्या निम्म्यांचे बाप त्याच साड्या विणत होते, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. उज्ज्वलाचा चेहरा मात्र गोंधळलेला. ती हरली हे तिला अजून कळलंच नव्हतं. खोक्यावर सोनेरी अक्षरात 'कांजीवरम' छापलेलं तिनं हजारदा पाहिलं होतं. पप्पा विणत होते, माय घडी घालत होती. यात चूक कुठं?

एका गुणानं चौथी आली.

घरी येऊन पुष्पाबाईनं खाटेखालून 'कापड' लिहिलेला खोका ओढला. स्टिकर लगेच सापडलं. 'कांजीवरम, जरीकाठाची भारी साडी, सुरत.' अक्षर तिचंच. कोपऱ्यात देणाऱ्याचं नाव होतं, 'घर'. इतक्या वर्षांत सगळ्या गावाला विचारून लिहिलं, आणि हे एकच तिनं कोणाला न विचारता लिहिलं होतं. ज्याचा आपल्याला रोज हात लागतो त्याबद्दल काय विचारायचं, म्हणून. ती तशीच जमिनीवर बसून राहिली. आपण चौथीत थांबलो तसं पोरीला सातवीत आपणच थांबवलं, एका स्टिकरनं.

संध्याकाळी सातला धुडकू आला. केसांत जरीचे बारीक तुकडे चमकत होते. दारातूनच विचारलं, "काय व्हयनं?"

"चौथी," उज्ज्वलाच म्हणाली.

त्यानं पाय धुतले, बसला. बराच वेळ पाय पुसत राहिला. खरं तर त्यालाही बरं वाटलं नव्हतं, हे पुष्पाबाईनं त्याच्या पाय पुसण्यावरून ओळखलं. पण शेवटी म्हणाला तेच. "चौथी म्हणजे चौथी. मी आनंदासमोर बोललोय."

पुष्पाबाई चुलीजवळ भाकरी थापत होती. तिनं डोक्यातले खोके एकेक करून उघडले. 'अन्याय' होता, पण तो शब्द धुडकूनं खात्यात इतक्यांदा ऐकला होता की आता त्याला तो लागत नसे. 'नशीब' म्हटलं तर तो लगेच हो म्हणाला असता. 'कृपा करा' त्याला आवडलं असतं, आणि उद्या विसरला असता. एक शब्द मात्र होता. तो तिनं उचलला आणि भाकरी उलटता उलटता हळूच टाकला.

"जाऊ द्या. गुरुजींचं तरी काय चुकलं? खरं कांजीवरम तिकडं मद्रासकडं होतं म्हणे. सुरतेत होते ती नक्कल."

ताटावर बसलेल्या धुडकूचा घास हातातच राहिला.

"काय होते?"

"नक्कल."

गुरुजी असं काही बोलले नव्हते. उज्ज्वलानं ते सांगायला तोंड उघडलं. आईनं एकदाच तिच्याकडे पाहिलं. पोरीनं तोंड मिटलं.

"नक्कल?" धुडकूचा आवाज आनंदाच्या घरापर्यंत गेला. "पंधरा वरीस उभा राहीसन मी नक्कल करस? तो काठ पाहिलाय का त्या गुरुजीनं? एक तार तुटली तर मला झोपेत कळतं! पोरगी काय चुकनी? बापानं विणली ती साडी कुठं विणली हे पोरीनं सांगितलं!"

"तेच म्हणते मी," पुष्पाबाई म्हणाली. "पण आपलं कोण ऐकतं?"

दुसऱ्या दिवशी धुडकूनं पाळी बुडवली. प्लेग सोडला तर पहिल्यांदा. दिवाळीचा शर्ट घातला, घडीच्या ढिगातून एक मोरपंखी साडी ओढली आणि शाळेत जाऊन मालतीबाईंच्या हजेरीपटावर पसरली. पुष्पाबाई दोन पावलं मागे, पदर डोक्यावर, जमिनीकडे बघत.

"बाई, हे काय आहे सांगा."

"साडी आहे," मालतीबाई म्हणाल्या. "सुंदर आहे."

"कांजीवरम आहे. कुठं विणली? लिंबायतात. कोणी? मी. मग माझी पोर खोटं बोलली का?"

"खोटं नाही हो. पण ती साडी मूळची तिकडची. प्रश्न मूळ गावाचा होता."

"मूळचा तर मीही पारोळ्याकडचा आहे. मग मी सुरतेत नाही का?"

मालतीबाईंनी चष्मा काढला. साडीचा काठ दोन बोटांत धरून पाहिला, मग त्यांची नजर मागे पुष्पाबाईकडे गेली आणि तिथं जरा थांबली. त्या पंचवीस वर्षं आयांचे चेहरे वाचत आल्या होत्या.

"धुडकूभाऊ, निकाल मला बदलता येणार नाही. चौथी ती चौथीच. पण तुमच्या मते उत्तर बरोबर होतं?"

"शंभर टक्के."

"मग त्याचा गुण धरला तर ती कितवी येते?"

"तिसरी!" धुडकू टेबलावर हात मारून म्हणाला.

"म्हणजे तुमच्या लेखी नंबर लागला. तुम्ही ओट्यावर बोललात ते शाळेपर्यंत आलंय. मग आठवीसाठी शाळा सोडल्याचा दाखला कधी न्यायला येता?"

धुडकूचा हात टेबलावर तसाच राहिला. त्यानं वळून बायकोकडे पाहिलं. पुष्पाबाई साडी उचलून घडी घालत होती, फार मन लावून, जणू या खोलीत त्याहून महत्त्वाचं काही चाललेलंच नाही. आनंदाला त्यानं पुढं सांगितलं, की पोरगी तिसरी आली, त्या लोकांना मोजता आलं नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर पुष्पाबाईनं ते स्टिकर काढून 'सुरत'च्या शेजारी लिहिलं, 'कांचीपुरम, तमिळनाडू', आणि कोपऱ्यात, 'मालतीबाई'. 'सुरत' खोडलं नाही. मग 'नक्कल' लिहायला नवं स्टिकर घेतलं, थोडा वेळ हातात धरलं, आणि कोरंच ठेवून दिलं.

जूनमध्ये तिघं रेल्वेलाइन ओलांडून हायस्कुलात गेली. फॉर्म भरायला खिडकीत एक कारकून होता, मान वर न करता गुजरातीत विचारणारा. नाव, गाव, जात, जन्मतारीख.

"बापनो धंधो?"

धुडकू खिडकीच्या गजाला तोंड लावून म्हणाला, "कांजीवरम विणतो." मागची सगळी रांग वळून पाहायला लागली.

कारकुनानं लिहिलं. धुडकूला गुजराती वाचता येत नव्हतं. पुष्पाबाईला येत होतं, उलटीकडूनही. कागदावर एकच शब्द होता, 'मजूरी'.

बाहेर आल्यावर उज्ज्वला पुढं पळाली, शाळेची विहीर बघायला. धुडकूनं शर्टाच्या कॉलरवरून बोट फिरवलं.

"बराबर लिहिलं ना त्यानं?"

"लिहिलं."

"सगळं? कांजीवरम?"

"हो," पुष्पाबाई म्हणाली. "काठासगट."