दुसरी मूठ कुत्र्याची

देवाला वेठीला धरणारी माणसं मी रगड पाहिली, पण देवानं ज्याला वेठीला धरलंय आणि त्यातच जो खूश आहे, असा माणूस आमच्या व्याह्यांशिवाय अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. माणूस खाऊनपिऊन सुखी. डोंगराखालची जमीन प्लॉटवाल्यांनी सोन्याच्या भावानं नेली, दारात गाडी आहे, मुलगा जर्मनीत इंजिनेर. आणि हा गृहस्थ दर रविवारी पिवळं पागोटं बांधून, खंडोबाचा कोटंबा म्हणजे देवाची पितळी वाटी हातात घेऊन, पाच घरी पीठ मागत हिंडतो. त्यांच्या धनगर घराण्याची चालच आहे. पाच उंबऱ्यांवर वारी मागायची, त्या पिठाची भाकर करायची, देवाला दाखवायची, कुत्र्याला घालायची, मग आपण खायची. तोवर चहाचा घोटसुद्धा नाही. शिजवलेलं चालत नाही, पैसा चालत नाही, आणि स्वतःच्या घरचं तर मुळीच चालत नाही. कुत्रा खंडोबाचं जनावर, म्हणून कुत्र्यालाही यांचा नमस्कार. आमच्या गल्लीत एक खरजुलं कुत्रं आहे, त्याला येणारा-जाणारा लाथ घालतो. व्याही मात्र त्याला "देवा, जरा बाजूला व्हा," म्हणतात, आणि ते बाजूला होतं. माझं नाही ऐकत.

त्यांचा पहिला उंबरा आमचा. सिडकोतल्या माझ्या दोन खोल्यांच्या दारात सकाळी सकाळी हाक यायची, "वारी वाढ माय, मल्हारीची." आमची ही पिठाचा डबा उघडून एक मूठ कोटंब्यात टाकायची, मग आणखी एक टाकायची आणि म्हणायची, "दुसरी मूठ कुत्र्याची." ही तिची स्वतःची काढलेली रीत. बाकीच्या चार घरी एकच मूठ मिळायची. मी म्हणायचो, "अगं, व्याही हाय तो, भिकारी नाय." ती म्हणायची, "तुमी गप बसा, तुमाला काय कळतंय." ते खरंच होतं. ती गेल्यावर पहिल्याच रविवारी दारात तीच हाक आली. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "कुणाला हाका मारताय पाव्हणं? घरात माय नाय आता." व्याही हलले नाहीत. म्हणाले, "हाक बदलता येत नसती. तुमी वाढा." मी वाढलं. एकच मूठ वाढली आणि दार लावलं.

पुढं तिकडं जर्मनीत माझ्या लेकीला दिवस राहिले. बाळंतपणाला आई जाते, पण आई नाही. सासू जावी तर विहीणबाईंचे गुडघे गेलेले. मी जावं तर माझं ब्लडप्रेशर दवाखान्याचा जिना चढतानाच वर जातं, विमानात कुठवर जाईल कुणास ठाऊक. शेवटी सुनेच्या बाळंतपणाला सासरा गेला. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि मधोमध कोटंबा. विमानतळावर सोडताना मी बजावलं, "पाव्हणं, तिकडं दारं वाजवू नका." ते म्हणाले, "उंबरा तर असंल ना तिकडं?" 

पहिल्याच रविवारी त्यांनी लेकीच्या इमारतीतली पाच दारं वाजवली. पागोटं, मिशा, कपाळभर भंडारा, आणि पुढं केलेली वाटी. एका बाईनं केक दिला, तो शिजवलेला म्हणून परत. एकानं नाणं टाकलं, तेही परत. एकानं दारच उघडलं नाही, आतून घरमालकाला फोन केला. पीठ कुणाच्याच डोक्यात आलं नाही. व्याही दिवसभर उपाशी. दुसऱ्या रविवारी हेच झालं, तेव्हा मालक स्वतः येऊन सांगून गेला की पुन्हा भीक मागताना दिसले तर घर खाली करा. लेकीला नववा लागलेला. सासऱ्याला ती मामा म्हणते. फोनवर रडायला लागली, "आबा, मामांना समजावा. हे तर म्हणतात, बाबांचं परतीचं तिकीट काढतो. मग माझ्याजवळ कोण?" जावयानं एक तोड काढली होती म्हणे. "बाबा, घरातच पाच दारं आहेत, संडास-बाथरूम धरून. तिथं मागा." त्यावर व्याही म्हणाले, "संडासात वाढणार कोण रे? तू?"

मी फोन लावला आणि सरळ बोललो. मला गोड बोलता येत नाही. "पाव्हणं, घर गेलं तर माझी लेक रस्त्यावर बाळंत व्हईल. एवढा महिना देवाला रजा द्या. देव समजून घेतो."

"त्यो घेईल वो," व्याही हळूच म्हणाले. "आज रजा दिली की उद्या माझं मलाच बरं वाटाया लागंल. त्याचंच भ्याव हाय."   मग म्हणाले, "तुमच्या लेकीचं घर जाऊ देत नाय. इथली दारं सोडली. वारी सोडत नाय."

याचा अर्थ मला लागला नाही, म्हणून आठवडाभर झोप लागली नाही. आणि रविवारी आपल्या दुपारी, म्हणजे त्यांच्या सकाळी, लेकीचा फोन आला, "आबा, मामा नाहीत घरात. फोन इथंच आहे. पागोटं नाही, कोटंबा नाही." जावई गाडी घेऊन शोधायला गेलेला. भाषा येत नाही, खिशात पत्ता नाही, पोटात अन्न नाही. पोलिसांनी धरलं तर हा माणूस त्यांच्यापुढंही वाटी धरणार, याची मला खात्री होती. मी उंबऱ्यातून कॉटपर्यंत आणि कॉटपासून उंबऱ्यापर्यंत फिरत राहिलो. हिच्या फोटोला म्हणालो, "बघ, तूच लाडावून ठेवलंस." चहा टाकला तो उतू गेला. अंधार पडायला आला तेव्हा फोन वाजला. पलीकडं व्याहीच होते, आणि काहीतरी चावत होते.

"पाव्हणं, भाकर खातोय," म्हणाले. "जवाची हाय. जरा चिवट हाय."

गाडीतून येता-जाता त्यांनी गावाबाहेर मेंढरं पाहून ठेवली होती. तेवढ्याच ओळखीवर ते चालत तिथं गेले. मेंढरांच्या मालकापुढं कोटंबा धरला. तो मेंढरांचा खुराक भरत होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला मेंढरांना चारायचंय. त्यानं मूठभर जव टाकले. व्याही पुढच्या मेंढवाड्याच्या फाटकावर जाऊन उभे राहिले, मालक मागोमाग आला, तिथंही मूठ टाकली. अशी पाच फाटकं झाली.

"पण मालक तर एकच ना?" मी विचारलं.

"उंबरे पाच सांगितलेत," व्याही म्हणाले. "मालक किती, ते देवानं कुठं इचारलंय?"

जव त्यांनी सुनेच्या मिक्सरमधून काढले. आता जावईच दर रविवारी त्यांना गाडीनं तिकडं नेतो आणि काचा वर करून आत बसून राहतो. घर राहिलं. नात झाली. लेक सांगते, नात रडली की व्याही तिच्यापुढंही "काय पायजे माय," म्हणून हात जोडतात.

त्या दिवशी फोन ठेवता ठेवता मात्र व्याही एक बोलले. "तिथं एक कुत्रा हाय, हा एवढा. शेवटच्या फाटकावर मालकानं मूठ टाकली, मी वाटी मागं घेतली नाय. कुत्र्याकडं बोट दाखवलं आन् म्हणलं, दुसरी मूठ कुत्र्याची. आपल्याच भाषेत म्हणलं. त्यो हसला, आन् टाकली."

मी नेटवर्क नाही असं सांगून फोन ठेवला.

व्याही परत यायला अजून अवकाश आहे. रविवारी सकाळी माझ्या दारात हाक येत नाही. पण मी पिठाचा डबा उघडतो. एक मूठ व्याह्यांच्या नावानं ताटलीत काढून ठेवतो, घेणारं कुणी नाही म्हणून ती डब्यात परत जाते. दुसरीची भाकर थापतो. गोल होत नाही. ते खरजुलं कुत्रं आताशा उंबऱ्याशी येऊन बसतं. मी म्हणतो, "घ्या देवा." हिच्यासारखं नाही जमत म्हणायला, पण ते खातं.