बेसमेंटमधले थोरले

लोक बेसमेंटमध्ये जुनं फर्निचर साठवतात. कॅनडातल्या आमच्या सस्काटूनच्या घराच्या बेसमेंटमध्ये किस्से साठलेत. दर शनिवारी आमचे हे, परांजपे आणि डॉक्टर सबनीस तिथे बसून प्राचीन यहुदी कथा वाचतात. तिघेही रिटायर्ड, तिघेही घरातले थोरले मुलगे. त्या कथांत पहिला मुलगा म्हणजे बापाचा मान आणि देवाचा पहिला हक्क, तरी बाजी मारतो धाकटाच. तिघांना हे मुळीच पटत नाही. चहा मी देते, त्यामुळे सगळं ऐकते.

•

एकदा वाचनात निघालं, की थोरल्याला वडिलांच्या मालमत्तेत दुप्पट वाटा. हे एकदम खुशीत आले. बाहेर गुडघाभर स्नो होता. मी यांच्या हातात दोन फावडी दिली.

"ड्राइव्हवे शोव्हल करायचाय. तुमचा वाटा दुप्पट."

•

परांजप्यांना थोरली बहीण आहे. सबनीस म्हणाले, अशा मुलाला वाटणीत थोरला धरतात, पण आईचं पहिलं मूल नसल्याने देवाला वाहिलेल्यांत तो येत नाही.

"म्हणजे प्रॉपर्टी मिळते आणि ड्यूटी लागत नाही? परफेक्ट!" परांजपे म्हणाले.

मीही माझ्या घरातली पहिली. माझं काय, असं विचारलं, तर तिघांनी एकदम चहा मागितला.

•

वल्हांडण या यहुदी सणाच्या आदल्या दिवशी थोरल्यांचा उपास असतो. तिघांनी मोठ्या निष्ठेने धरला. अकरा वाजता सबनिसांना सापडलं, की ग्रंथाचा एखादा भाग वाचून पूर्ण केला, तर त्या आनंदाच्या जेवणाला बसणाऱ्याचा उपास सुटतो. वर्षभर रेंगाळलेला भाग त्यांनी चाळीस मिनिटांत संपवला. त्या जेवणासाठी पिठलं मला टाकावं लागलं.

•

मग सांगलीहून माझे धाकटे दीर आले. सासूबाईंचं बारा वर्षं त्यांनीच केलं. हे वेळेत पोचले नाहीत म्हणून अग्नीही त्यांनीच दिला. दोघे भाऊ त्यावर कधी बोलले नव्हते, आणि ते यांना आतून खात होतं.

त्या शनिवारी कथेतल्या आजोबांनी हात एकमेकांवरून आडवे नेऊन थोरल्याच्या मानाचा उजवा हात धाकट्या नातवाच्या डोक्यावर ठेवला. यांनी प्रथमच वाद घातला नाही.

निघायच्या दिवशी भाऊजी दारात नमस्काराला वाकले. त्याच क्षणी हेही त्यांच्या पायाशी वाकले. दोघांची डोकी टणकन आपटली.

भाऊजी कपाळ चोळत म्हणाले, "वाकायलाही पहिला नंबर तुझाच का रे, दादा?"

हे मात्र लवकर उठेनात.